आधी यादी, मग कूपन: फुकट नमुने आणि कुपनांतून खरोखर पैसे कसे वाचवायचे

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला गल्लीतल्या एक काकू पिशवीभर माल घेऊन आल्या. तीन फेसवॉश, दोन किलो धुण्याची पावडर, खोबरेल तेलाची बाटली आणि सूपची चार पाकिटं. "ताई, दोनशे तीस रुपये वाचले," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "काकू, घरात सूप पितं कोण?" काकू हसायला लागल्या. "कुणीच नाही गं. पण निम्म्या किमतीत होतं ना."

चूक इथेच होते. कूपन हातात पडतं आणि मग आपण त्याच्यावर घेण्यासारखी वस्तू शोधतो. क्रम उलटा हवा. घरात काय लागतं ते आधी ठरवायचं, त्याचा खरा भाव माहीत करून घ्यायचा आणि मग त्यावर कूपन किंवा नमुना मिळतो का ते पाहायचं. मी परभणीत पाच माणसांचं घर चालवते. खालचा क्रम बऱ्याच चुका केल्यावर ठरला आहे. पायऱ्या मागेपुढे करू नका, विशेषतः पहिली सोडून पुढे जाऊ नका.

## १. दरवही करा

एक शंभर पानी वही घ्या. तिच्यात घरात दर महिन्याला लागणाऱ्या आणि पाकिटात मिळणाऱ्या वस्तू लिहा: चहापत्ती, गोडेतेल, अंगाचा साबण, धुण्याची पावडर, भांड्यांचा साबण, टूथपेस्ट, शाम्पू, सॅनिटरी पॅड, बिस्किटं. पंधरा-वीस नावं पुरे झाली. ज्वारी, तूरडाळ, गूळ यात घेऊ नका. हा माल मोंढ्यातून, म्हणजे ठोक बाजारातून येतो, त्यावर कुपनं येत नाहीत आणि त्याचा भाव आठवड्याला बदलतो.

प्रत्येक वस्तूपुढे चार रकाने आखा: वजन, एमआरपी, प्रत्यक्ष दिलेली किंमत (कुठल्या दुकानात, तेही लिहा) आणि शंभर ग्रॅमचा किंवा शंभर मिलीचा दर. पाकिटावर आता एका ग्रॅमचा किंवा मिलीचा दर छापलेला असतो. पण तो एमआरपीवरून काढलेला असतो, तुम्ही मोजलेल्या पैशांवरून नाही. म्हणून शेवटचा रकाना मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर स्वतःच भरा.

या रकान्याने काय फरक पडतो ते चहापत्तीवर पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत.

२५० ग्रॅमचा पुडा १४० रुपयांना, म्हणजे १०० ग्रॅमला ५६ रुपये.
५०० ग्रॅमचा पुडा २७० रुपयांना, म्हणजे ५४ रुपये.
१ किलोचा पुडा ५६० रुपयांना, त्यावर ३० रुपयांचं कूपन, म्हणजे ५३ रुपये.
२५० ग्रॅमवर ५० ग्रॅम जादा असलेला पुडा १५० रुपयांना, म्हणजे ५० रुपये.

कूपन दिसलं म्हणून आपण किलोचा पुडा उचलला असता. खरा स्वस्त होता तो कुपनाशिवायचा "५० ग्रॅम जादा" पुडा. आणि किलोच्या पुड्यात ५३० रुपये एकदम अडकले असते, हे वेगळंच.

मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं, हाही असाच एक गोड गैरसमज. शाम्पूत बहुतेक वेळा उलटं असतं. एक-दोन रुपयांच्या पुडीतला शाम्पू मिलीच्या हिशोबाने बाटलीपेक्षा स्वस्त पडतो. बाटलीवर "२५ रुपये सूट" दिसली तरी आधी पुडीवरचे मिली वाचा आणि भागाकार करा.

तपासा: महिनाभर कूपन न वापरता फक्त भाव लिहा. गल्लीतलं किराणा दुकान, मोंढ्यातलं ठोक दुकान, शहरातला मॉल आणि मोबाइलवरचं ॲप, चारही ठिकाणचे. पुढची पायरी त्यानंतर.

## २. ईमेल, मोबाइल नंबर आणि खातं वेगळं ठेवा

नमुना मागवताना किंवा कूपन चालू करताना प्रत्येक जण नंबर आणि ईमेल मागतो. त्यासाठी एक वेगळा ईमेल उघडा, त्याला पैसे पडत नाहीत. बँकेचे, गॅसचे, लेकरांच्या शाळेचे निरोप ज्या ईमेलवर येतात तो इथे देऊ नका.

मोबाइल नंबरचं जरा वेगळं आहे. बरेच जण यासाठी नवं सिम घेतात आणि ते चालू ठेवायला रिचार्ज मारत बसतात. त्यात कुपनांतून वाचलेले पैसे केव्हाच संपतात. घरात आधीपासून असा एखादा नंबर असेल, जो कुठल्याही बँक खात्याला जोडलेला नाही, तर तो द्या. नसेल तर स्वतःचा द्या, पण जाहिरातींचे फोन वाढले की १९०९ वर फोन करून किंवा संदेश पाठवून ते बंद करून घ्या.

कॅशबॅकसाठी यूपीआय लागतं. दोन खाती असतील तर ज्यात हजार-पाचशेच असतात ते जोडा. पिकाचे, पगाराचे किंवा अनुदानाचे पैसे जिथे येतात ते खातं या भानगडीपासून लांब ठेवा.

सावधान: साबणाच्या नमुन्यासाठी आधार क्रमांक, पॅन किंवा बँकेचा तपशील लागत नाही. अर्जात ते मागितलं असेल तर पान तिथेच बंद करा.

## ३. नमुने कुठे मिळतात आणि मागायचे कसे

नमुने अचानक मिळतात असं लोकांना वाटतं. खरं तर बहुतेक नमुने मागितल्यावर मिळतात आणि मागायची वेळ चुकली की मिळत नाहीत.

मेडिकल दुकानात संध्याकाळी सातला गर्दीत विचाराल तर "नाही" हेच उत्तर येईल. दुपारी दोन-तीनच्या सुमारास, नेहमीची खरेदी झाल्यावर, "भाऊ, कशाचं नवीन सॅम्पल आलंय का?" एवढंच विचारा. सनस्क्रीन, फेसवॉश, लहान मुलांचे डायपर, पॅड यांची छोटी पाकिटं कंपनीचा माणूस दुकानात ठेवून जातो. ती नेहमीच्या गिऱ्हाइकाला द्यायला दुकानदाराची हरकत नसते. दातांच्या डॉक्टरांकडे टूथपेस्टच्या छोट्या ट्यूब असतात, त्वचेच्या डॉक्टरांकडे क्रीमच्या. तपासणीला गेलाच असाल तर विचारा. निव्वळ ट्यूबसाठी तपासणी फी भरून गेलेला माणूसही मी पाहिला आहे, म्हणून लिहिते.

यात्रा आणि प्रदर्शनं ही आपल्या भागातली दुसरी जागा. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा असो की एखादं कृषी प्रदर्शन, चहा, मसाले, साबण, पशुखाद्य यांचे लोक मांडव टाकून बसतात. पहिल्या दिवशी सकाळी सढळ हाताने वाटप चालतं, शेवटच्या दिवशी उरतात ती पत्रकं. पण नमुन्यासाठी म्हणून गाव सोडू नका. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे हे खरं, पण अर्ध्या तिकिटाचे जाऊन-येऊन साठ रुपये झाले आणि हातात दहा रुपयांची पुडी आली, तर काय साधलं?

शेतकऱ्यांसाठी इथे एक गोष्ट. बियाण्याचा किंवा फवारणीच्या औषधाचा नमुना मिळाला तर तो वावराच्या एका कोपऱ्यात, दोन-चार ओळींत वापरून बघा आणि शेजारी तुमचं नेहमीचं ठेवा. पाकिटावर लेबल नाही, लॉट नंबर नाही, मुदत नाही, असा माल फुकट असला तरी पेरू नका. उगवण फसली तर पावती नसलेल्या पाकिटाबद्दल कुणाला जाब विचारणार?

तिसरी जागा कंपन्यांच्या वेबसाइट. इथे पहिलं काम पिनकोड टाकून बघण्याचं. सगळा अर्ज भरून झाल्यावर "या भागात सेवा नाही" असा निरोप येतो, तो तालुक्याच्या ठिकाणी बऱ्याचदा येतो. दुसरं काम शेवटच्या पानावरची रक्कम पाहण्याचं. "नमुना मोफत, फक्त घरपोच खर्च ७९ रुपये" असं असेल तर तो नमुना मोफत नाही, १५ मिलीचा फेसवॉश तुम्ही ७९ रुपयांना विकत घेताय. दरवहीत तसंच लिहा, मग डोळे उघडतात.

सावधान, दोन गोष्टी कधीच घेऊ नका:

बाळाच्या दुधाच्या पावडरीचा, बाळान्नाचा किंवा दुधाच्या बाटलीचा फुकट नमुना. १९९२ च्या कायद्याने अशा नमुन्यांचं वाटप बंद केलं आहे. दवाखान्यात कुणी बाळंतिणीच्या हातात डबा ठेवला तर तो परत करा. फुकटच्या डब्याने बाळाची अंगावर पिण्याची सवय मोडते आणि नंतर दर आठवड्याला नवा डबा विकत आणावा लागतो.

दुसरी, औषधाच्या गोळ्यांचा नमुना, जो डॉक्टरांनी तुम्हाला तपासून दिलेला नाही. त्यावर "डॉक्टरांसाठी नमुना, विक्रीसाठी नाही" या अर्थाचं इंग्रजीत छापलेलं असतं. तो दुकानातून विकणं बेकायदेशीर आहे. स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका.

## ४. नमुना वापरून बघायची रीत

घरी आणल्यावर तीन गोष्टी पाहा: सील, तारीख आणि खाण्याची वस्तू असेल तर १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक, म्हणजे अन्नपरवान्याचा नंबर. तिन्हींतलं एक जरी नसलं तरी कचऱ्यात. वर्तमानपत्राला चिकटलेली पुडी बोटाने दाबून बघा. हवा निघून ती चपटी झाली असेल तर कुठून तरी फाटलेली आहे.

चेहऱ्याला लावायची वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडीशी लावून एक दिवस थांबा. केसांच्या रंगाला तर हे केलंच पाहिजे. बहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी एक नमुन्याची क्रीम सरळ तोंडाला फासली होती. फोटोत मी अजून लाल दिसते.

नमुन्याचा खरा उपयोग दहा रुपये वाचवणं हा नाही. चुकीची दोनशे रुपयांची वस्तू विकत घेणं टळतं, तो त्याचा मोठा फायदा. म्हणून तो उगीच संपवू नका, मोजून वापरा. धुण्याच्या पावडरीचं उदाहरण घ्या. आमच्याकडे मे महिन्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, बाकी टँकर. एका पावडरीचा नमुना आणला, वास छान, फेस तर बादलीबाहेर. तेवढेच कपडे, तेवढीच पावडर घेऊन मोजलं, तर फेस जायला तीन बादल्या पाणी गेलं. नेहमीची पावडर दोन बादल्यांत निघते. त्या पावडरीवर ४० रुपयांचं कूपन होतं. मी ते फाडून टाकलं. नमुन्याने वाचवलेलं ते पाणी आणि ते पैसे कुठल्याच पावतीवर दिसत नाहीत.

चहाचं तसंच: किती चमचे टाकल्यावर घरच्यांना चालणारा रंग येतो, ते मोजा. स्वस्त चहा दुप्पट लागत असेल तर तो स्वस्त नाही.

साठवण: पत्र्याच्या खोलीत, खिडकीत किंवा माळ्यावर नमुने ठेवू नका. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, क्रीमचं तेल वेगळं होतं, चॉकलेटचा लगदा होतो. खालच्या फडताळात, सावलीच्या भिंतीला डबा ठेवा. खाण्याच्या वस्तू आणि साबण एका डब्यात नकोत, बिस्किटाला साबणाचा वास लागतो.

## ५. कुपनांची छाननी

कूपन मिळालं की तीन ठिकाणी नजर टाका: मुदत, किमान खरेदी आणि कमाल सूट. मग यादीत बघा. वस्तू यादीत नसेल तर कूपन त्याच दिवशी कुणाला तरी देऊन टाका. आमच्या गटात बैठकीच्या वेळी एक डबा फिरतो, ज्यांना नको ते त्यात टाकतात, ज्यांना लागतं ते उचलतात. ज्यांच्या घरी तान्हं लेकरू आहे त्यांना डायपरचं कूपन सोन्यासारखं, माझ्या काय कामाचं?

ठेवायच्या कुपनांवर मुदतीची तारीख बॉलपेनने मोठी लिहा, छापलेली अक्षरं बारीक असतात. मग प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, लवकर संपणारी वर. मोबाइलवरची कुपनं स्क्रीनशॉट काढून एका वेगळ्या अल्बममध्ये ठेवा. हजार फोटोंत ती सापडत नाहीत आणि दुकानात मागे रांग उभी असते.

"३० टक्के सूट, कमाल ५० रुपये" याचा अर्थ १६७ रुपयांच्या पुढे खरेदी केली तरी सूट वाढत नाही. ६०० रुपयांच्या खरेदीवर ही सूट आठ टक्क्यांच्या आसपास येते. "१०० रुपयांपर्यंत कॅशबॅक" यातला "पर्यंत" हा शब्द तर नीट वाचा. मला त्यातून आजवर बहुधा तीन, पाच आणि सात रुपये मिळाले आहेत.

तपासा: पाकिटात कूपन निघतं अशा वस्तूचं पाकीट फेकण्याआधी आतून बाहेरून पाहा. कधी कोड झाकणाच्या आत असतो, कधी पुड्याच्या आतल्या पट्टीवर. मात्र कोड खरडलेला असेल तर ते पाकीट विकत घेऊ नका, तो कुणीतरी आधीच वापरलेला असतो.

## ६. दुकानात

कूपन बिल होण्याआधी दाखवायचं. बिल निघाल्यावर दाखवलं तर दुकानदार "पुढच्या वेळी बघू" म्हणतो आणि त्याचंही चुकत नाही, त्याला बिल रद्द करावं लागतं. सामान काढायला सांगायच्या आधीच विचारा: "मामा, हे चालतं का तुमच्याकडे?" लहान दुकानात कंपनीचं कूपन बऱ्याचदा चालत नाही, कारण त्याचे पैसे त्याला परत मिळायला महिने लागतात. मग भांडू नका, मोठ्या दुकानात जा.

पाकिटावर छापलेल्या फुकट वस्तूची गोष्ट वेगळी. टूथपेस्टच्या खोक्यावर "सोबत ब्रश मोफत" छापलं असेल तर तो ब्रश तुमचा आहे. आमच्या इथल्या एका दुकानात मी सहा महिने ब्रशशिवाय टूथपेस्ट नेत होते आणि तेच ब्रश काउंटरवर बरणीत दहा-दहा रुपयांना विकायला ठेवलेले होते. एकदा बरणीतल्या ब्रशवर "विक्रीसाठी नाही" वाचलं तेव्हा लक्षात आलं. तेव्हापासून खोकं घेताना मी चारी बाजू वाचते आणि फुकट वस्तू तिथल्या तिथे मागते. आवाज न चढवता. "दादा, यासोबतचा ब्रश राहिला बघा." बहुतेक वेळा लगेच मिळतो.

नाहीच दिला तर? खोक्याचा फोटो, बिल, दुकानाचं नाव आणि तारीख एवढं हातात ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं. भेट जाहीर करून न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल नसेल तर तक्रार लंगडी पडते, म्हणून पाच मिनिटं थांबावं लागलं तरी बिल घ्या.

कपड्यांच्या आणि चपलांच्या दुकानात आणखी एक चाल दिसते. एमआरपीवर ४० टक्के सूट आणि बिल करताना वरून जीएसटी. एमआरपीत सगळे कर आधीच धरलेले असतात. काउंटरवर विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर माल तिथेच ठेवून बाहेर पडा.

## ७. ऑनलाइन: क्रम चुकला की सूट गेली

ॲपवर सूट तीन-चार थरांत असते आणि प्रत्येक थर वेगळ्या पानावर. वस्तूच्या पानावर कुपनाची चौकट असते, तिच्यावर टिक करावी लागते, आपोआप लागत नाही. पुढे पिशवीच्या (कार्टच्या) पानावर कोड टाकायचा. बँकेच्या कार्डाची किंवा यूपीआयची सूट पैसे देण्याच्या पानावर दिसते. शेवटी जमलेले गुण (रिवॉर्ड पॉइंट). काही ठिकाणी कोड टाकला की कार्डाची सूट निघून जाते. तेव्हा दोन्ही प्रकारे एकूण रक्कम बघा, कमी असेल ती घ्या, आणि पैसे भरण्याआधी स्क्रीनशॉट.

सगळ्यात महाग पडणारी चूक किमान खरेदीची. मागच्या महिन्यात माझ्या पिशवीत ६४२ रुपयांचं सामान होतं, घरपोच खर्च ४०. वर लाल अक्षरांत: "९९९ वर १५० रुपये सूट, घरपोच मोफत." म्हणजे ३५७ रुपयांचं आणखी काहीतरी भरायचं. भरलं असतं तर ८४९ द्यावे लागले असते. न भरता ६८२ झाले. १६७ रुपये जास्त मोजून घरात येणार होता एक मोबाइलचा स्टँड आणि बदामाचं पाकीट. मी ६८२ भरले. ॲपने खाली लिहिलं, "तुम्ही १९० रुपयांची बचत गमावलीत." गमावली तर गमावली.

यावर दोन उपाय आहेत. एक, यादीतल्याच न नासणाऱ्या वस्तू पुढच्या महिन्याच्या धरून रक्कम गाठता येते का पाहा. दोन, शेजारणीला विचारा. दोघींची यादी मिळून ९९९ होत असेल तर सूट वाटून घ्या, मात्र बिलावर कुणाचं काय ते आधी लिहून ठेवा. मैत्रीत हिशोब नको म्हणणाऱ्या मैत्रिणीशीच हिशोबावरून वाजतं.

सावधान: तीन वस्तूंवर कूपन लावून एक परत केली की सूट तेवढ्या प्रमाणात कापून घेतली जाते. कपड्यांचं माप पक्कं नसेल तर त्या खरेदीला कूपन जोडू नका.

## ८. बांधकामातली टोकनं

ही बाब फार जणांना माहीत नसते आणि रक्कम मात्र मोठी असते. रंगाच्या बादलीत टोकन किंवा झाकणावर कोड निघतो. पाइप, टाइल चिकटवायची पावडर, वॉटरप्रूफिंग यांच्यावरही असे कोड असतात. बहुतेक योजना रंगारी, गवंडी, प्लंबर यांच्यासाठी असतात, त्यांच्या नावाने नोंद असते आणि पैसे त्यांच्याच खात्यात जातात. म्हणजे तुम्ही ते काढून घेतले तरी उपयोग होईलच असं नाही.

आमच्या घराला रंग दिला तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. रंगाऱ्याने एकच कंपनी लावून धरली, तीही वीस लिटरच्या बादलीतली, आणि शेवटी दीड बादली उरली. ती अजून जिन्याखाली आहे. आता मजुरी ठरवतानाच उघड बोलते: "टोकन तुमचं, पण बादल्या मोजून मीच आणणार आणि मजुरी चौरस फुटावर." रंगारी खूश, आणि माल गरजेपेक्षा जास्त येत नाही. उरलेली न उघडलेली बादली परत घेणार का, हे दुकानदाराला खरेदीआधीच विचारा.

## ९. फसवणुकीची गाळणी

कूपन, बक्षीस, कॅशबॅक असं काहीही आलं की आधी हे वाचा.

पैसे मिळवायला यूपीआय पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात, येत नाहीत. स्क्रॅच कार्ड खरवडून "२,००० रुपये जिंकले, पिन टाका" असं आलं तर ते कार्ड चोराचं आहे.

पोस्टाने पाकीट येतं, आत खरवडायचं कार्ड, त्यावर गाडी किंवा लाखो रुपये. मग फोन: "आधी कराचे आणि नोंदणीचे एवढे भरा." बक्षिसासाठी आधी पैसे भरायला सांगणारा प्रत्येक जण ठग. यात अपवाद मला अजून भेटला नाही.

व्हॉट्सॲपवर "दहा जणांना पाठवा आणि डबा मिळवा" अशी लिंक ओळखीच्या माणसाकडून येते, म्हणून आपण विश्वास ठेवतो. ती त्याला दुसऱ्याने पाठवलेली असते. कंपनीची योजना खरी असेल तर ती कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर असणारच. लिंक न दाबता तिथे जाऊन बघा. आणि कुणी एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल) पाठवली, ती लग्नपत्रिका म्हणून असो की कूपन म्हणून, उघडू नका. ती मोबाइलमध्ये शिरली की ओटीपीसुद्धा वाचते.

कंपनीचे जाहिरातीचे एसएमएस साध्या दहा आकडी नंबरवरून येत नाहीत. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी छोटी रेघ आणि इंग्रजी अक्षर असतं: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी निरोपाला जी. अक्षर असलं म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, पण साध्या नंबरवरून आलेलं "तुमचं व्हाउचर" मात्र सरळ पुसून टाका.

पैसे गेलेच तर: लाजत बसू नका, त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला १९३० वर फोन करा, मग बँकेला. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी अडवता येतात, आणि उशीर झाला की अवघड होतं. आमच्या गटातल्या एकीने नवऱ्याला कळेल म्हणून दोन दिवस सांगितलंच नाही.

## १०. महिनाअखेरचा हिशोब

बिलावर "तुम्ही एवढे वाचवले" छापलेलं असतं. तो आकडा दुकानाचा आहे, तुमचा नाही. तुमचा आकडा दरवहीतून निघतो: नेहमी जो भाव देता त्यातून आज दिलेला भाव वजा करा. त्यातून यादीत नसलेल्या वस्तूंवर गेलेले पैसे, घरपोच खर्च आणि जायचा-यायचा खर्च काढा.

माझा एप्रिलचा हिशोब असा. दरवहीतल्या भावाशी ताडून कुपनांतून वाचले ६४०. यादीबाहेरचं घेतलं २१० चं (हो, मीही घेते). घरपोच आणि इतर शुल्क ५८. उरले ३७२. त्यात नमुन्यांच्या ट्यूब पुरल्या म्हणून एक टूथपेस्ट घ्यावी लागली नाही, तिचे ६५. एकूण ४३७.

पहिल्या दोन महिन्यांत हा आकडा वजा आला तर घाबरू नका, माझाही आला होता. यादीबाहेरचा रकाना बघा, गळती तिथेच असते. तीन महिने सलग शंभराच्या खाली राहिला, तर कुपनांचा नाद सोडा आणि फक्त दरवही चालू ठेवा. निम्मं काम तीच करते.

निघालेली रक्कम त्याच दिवशी बाजूला काढा. पोस्टाचं आवर्ती ठेव खातं महिना १०० रुपयांपासून उघडता येतं, पण तिथे हप्ता दर महिन्याला सारखाच भरावा लागतो, म्हणून खात्रीने निघेल तेवढाच धरा. वरचे पैसे गटाच्या पेटीत. मी ४३७ मधले २०० पोस्टात भरले, २०० पेटीत. दुसऱ्या दिवसावर टाकलं की ते भाजीत जातात, आणि मग वहीत आकडा राहतो, हातात काहीच नाही.